काळाचा जमाखर्च

वाण्याची उधारी, दुधाचा रतीब, मुलांची फी, हे सारे आपल्या घरोघरी वहीत उतरते. परंतु ज्या धनाची गेलेली कवडीही परत येत नाही त्या काळाचा जमाखर्च लिहिणारा गृहस्थ विरळा. दिवेलागणीस 'आजचा दिवस कुठे गेला?' असे आपण म्हणतो आणि उत्तराची वाट न पाहता पुढल्या कामास लागतो.

असा हिशेब आयुष्यभर ठेवणारा एक पुरुष रशियात होऊन गेला. कीटकशास्त्रज्ञ अलेक्सांद्र ल्युबिश्चेव यांनी १९१६ च्या १ जानेवारीपासून रोजचा वेळ लिहून ठेवण्यास आरंभ केला आणि १९७२ साली देहावसान होईपर्यंत, म्हणजे छप्पन्न वर्षे, हा नेम चालविला. कामातील विसाव्याचा वेळ वजा करून निव्वळ कामाचीच मिनिटे ते धरीत. महिनाअखेरीस व वर्षअखेरीस बेरीज करीत. त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी दानील ग्रानिन यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले, तेव्हा जगास हे कळले. विशेष हे की, हा मनुष्य घाईगर्दीचा नव्हता. झोप भरपूर घेई, थकताच काम थांबवी.

चातुर्मासात लोक नाना नेम धरतात. आम्ही गतवर्षी हा नेम धरला. वहीत दोन रकाने पाडले: सार्थ आणि व्यर्थ. पहिल्याच आठवड्यात आमचा अहंकार उतरला. रोज तीन तास अभ्यास होतो अशी आमची समजूत. वहीने दीड तासही दाखविला नाही. उरलेला वेळ हातातल्या मोबाइलने गिळला होता.

परंतु खरा धडा महिनाअखेरीस मिळाला. बेरीज करताना एका नोंदीवर दृष्टी खिळली: 'आजीपाशी, पाऊण तास, व्यर्थ.' आजीची स्मृती आता क्षीण झाली आहे. माहेरच्या ओढ्यास आलेल्या पुराची एकच हकीकत ती पुनःपुन्हा सांगते. त्याच दिवशीची दुसरी नोंद होती: 'पूजा, पाऊण तास, सार्थ.' आणि आम्हांस स्पष्ट आठवले की त्या पूजेत हात फुले वाहत होते आणि चित्त बसच्या वेळेत गुंतले होते. आम्ही लज्जित झालो.

मग काळ मोजणेच अयोग्य काय? तसे म्हणवत नाही. आपल्याकडे लग्नसमयी पाण्यात घटिकापात्र सोडून चोवीस मिनिटांची घटिका मोजली जाई, ती योग्य क्षणी योग्य कर्म घडावे म्हणून. एका दिवसात अधिकाधिक कर्मे कोंबावीत म्हणून नव्हे. दोष मोजण्यात नसतो, मोजण्यामागील हेतूत असतो. वहीने मिनिटे अचूक सांगितली होती. रकाने आम्ही चुकीचे पाडले होते. जे आमच्या उपयोगी ते सार्थ, आणि जे दुसऱ्याच्या उपयोगी ते व्यर्थ, असा न्याय आम्ही नकळत लावला होता. जेथे कंजूष व्हावयाचे तेथे आम्ही उधळे झालो, आणि जेथे हात सैल सोडावयाचा तेथे पै-पै मोजीत बसलो. वही नसती तर ही चूक मात्र कधीच ध्यानी आली नसती.

म्हणून वाचकांस आमची विनंती आहे की, एक आठवडा तरी असा हिशेब लिहून पाहावा. किती वेळ गेला हे तर लिहावेच, पण तो कोणासाठी गेला आणि त्या वेळी मन कुठे होते, हेही प्रामाणिकपणे लिहावे.

ती जुनी नोंद आम्ही खोडलेली नाही. आजी अजूनही पुराची तीच हकीकत सांगते आणि आम्ही ती ऐकतो. तो वेळ वहीत मांडतो, परंतु त्यापुढे सार्थ-व्यर्थ काहीच लिहीत नाही. तो निवाडा करण्याचा अधिकार आमचा नव्हे.