कार्ड टेबलावर ठेवताना

"त्यानं ते कार्ड द्यायलाच नको होतं," असं माझा एक जुना रूममेट आजही म्हणतो. आम्ही तिघं पुण्यात एका फ्लॅटमध्ये राहायचो. तिघंही सॉफ्टवेअरवाले. एका चिनी मालिकेच्या सुरुवातीच्या एका प्रसंगावरून आमच्यात जेवढी भांडणं झाली, तेवढी भांडी घासण्यावरूनही झाली नसतील. आता तिघं तीन शहरांत आहोत, पण फोनवर विषय निघाला की वाद पुन्हा जिथं सोडला होता तिथूनच सुरू होतो.

मालिकेचं नाव 'द किंग्ज अवतार'. मूळची ही कादंबरी. हूदिए लान (म्हणजे 'निळं फुलपाखरू') या टोपणनावानं लिहिणाऱ्या लेखकानं ती २०११ ते २०१४ या काळात इंटरनेटवर क्रमशः लिहिली. २०१७ मध्ये तिच्यावर ॲनिमेशन आलं आणि २०१९ मध्ये चाळीस भागांची मालिका. 'ग्लोरी' नावाचा एक काल्पनिक ऑनलाइन खेळ, तो खेळणारे पगारी खेळाडू, त्यांचे संघ, त्यांची साखळी स्पर्धा असं हे जग. बोटांचा वेग तर लागतोच, पण सामने शेवटी जिंकले जातात ते डावपेचांवर. कोण कुणाला कुठं ओढून नेतो, कुणाला कधी बळी देतो, यावर.

कथेचा नायक ये श्यू हा या खेळातला सर्वांत मोठा डावपेची. त्याच्या संघानं, म्हणजे जियाशीनं, साखळीचे पहिले तीन हंगाम सलग जिंकले ते त्याच्या जोरावर. पण तो जाहिराती करत नाही, मुलाखती देत नाही, लोकांसमोर चेहराही आणत नाही. संघाला आता पैसा हवाय. मग एक दिवस त्याला बोलावून सांगतात की तुझं खातं नव्या पोराला द्यायचंय. ग्लोरीमध्ये खातं म्हणजे एक कार्ड. ते यंत्रात घातलं की तुमचं पात्र पडद्यावर उभं राहतं. ये श्यूच्या पात्राच्या नावाचा अर्थ साधारण 'एका पानातला शरद' असा. ते त्यानं पहिल्या पातळीपासून वाढवलेलं, सगळ्या चीनमध्ये 'युद्धदेव' म्हणून गाजलेलं. ते तो सुन श्यांग नावाच्या उर्मट, हुशार पोराच्या हातात ठेवतो. देताना फक्त विचारतो की तुला हा खेळ आवडतो का. मग बाहेर पडतो, रस्ता ओलांडून समोरच्या सायबर कॅफेत शिरतो आणि तिथं रात्रपाळीची नोकरी धरतो.

आता प्रश्न असा की ते कार्ड कुणाचं होतं?

माझ्या दुसऱ्या रूममेटचं उत्तर एका वाक्याचं होतं. "करारात जे लिहिलंय ते." त्याच्या म्हणण्यानुसार वाद संपतोच. आपणही रुजू होताना सही करतो की इथं लिहिलेली प्रत्येक ओळ कंपनीची. मग कार्ड देताना छातीत कळ येण्याचं कारण काय?

पहिल्याचं म्हणणं उलट. ज्यानं घाम गाळला त्याचं. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकनं सतराव्या शतकात हेच मांडलं होतं: माणसाचे श्रम त्याचे स्वतःचे असतात, आणि ते ज्या वस्तूत मिसळतात ती त्याची होते. मराठी माणसाला हे समजायला लॉक वाचावा लागत नाही. 'कसेल त्याची जमीन' या चार शब्दांच्या आतल्या घोषणेनं आपल्याकडं कुळकायद्याच्या काळात सातबारे बदलले. पण लॉकवर रॉबर्ट नोझिकनं १९७४ मध्ये एक खोडकर प्रश्न टाकला. माझ्या मालकीचा टोमॅटोचा रस मी समुद्रात ओतला आणि तो सगळीकडं मिसळला, तर समुद्र माझा झाला, की मी वेड्यासारखा रस घालवला?

ग्लोरी हा तसा समुद्रच आहे. खेळ कुणी तिसऱ्याच कंपनीनं बनवलेला, सर्व्हर तिचा. पगार संघाचा, सरावाची जागा संघाची. आणि संघाचा मालक थाओ श्युआन हा काही आयत्या बिळावरचा नागोबा नाही, हे मालिका बघताना सहज विसरलं जातं. तो मुळात एका सायबर कॅफेचा मालक. ये श्यूला कुणी ओळखत नव्हतं तेव्हा त्यानं आसरा दिला, आपला पैसा लावला. त्याचा रसही त्याच समुद्रात ओतलेला आहे. तो पुढं हिशेबी होत गेला हे खरं, पण सुरुवातीची त्याची जोखीम खोटी नव्हती.

'नुसतं पडद्यावरचं चित्र तर आहे' असं म्हणून सुटताही येत नाही. २००३ मध्ये बीजिंगच्या एका न्यायालयापुढं एका खेळाडूचा दावा आला होता. ऑनलाइन खेळात दोन वर्षं राबून जमवलेली त्याची शस्त्रं चोरीला गेली होती. न्यायालयानं खेळ चालवणाऱ्या कंपनीला ती परत करायला लावली. पडद्यावरची वस्तूही वस्तूच असते, आणि ती गमावल्याचं दुःख खुळचट नसतं, एवढं तरी त्यातून मान्य झालं. पण त्या खेळाडूची वस्तू चोरीला गेली होती. ये श्यूकडून कार्ड नियमानं घेतलं गेलं. नियमानं घेतलेल्या गोष्टीबद्दल तक्रार कुठल्या कचेरीत करायची?

मला यातून वाट दिसली ती मार्गारेट रेडिन या अमेरिकन कायदेपंडित बाईंच्या १९८२ च्या एका निबंधात. त्या म्हणतात, मालमत्ता दोन जातींची असते. सराफाच्या दुकानातली अंगठी चोरीला गेली तर विम्याचे पैसे मिळाले की सराफाचं नुकसान भरून निघतं. तीच अंगठी लग्नाची म्हणून बोटात असेल, तर भरपाईनं ते भरून निघत नाही. सोनं तेच, वजन तेच. फरक असतो तो त्या वस्तूत माणूस किती गुंतलाय याचा. थाओ श्युआनसाठी 'एका पानातला शरद' ही सराफाची अंगठी आहे. तिचा भाव करता येतो, आणि कादंबरीत पुढं तसंच होतं. जियाशी संघ मोडतो तेव्हा ते खातं सुन श्यांगसकट दुसऱ्या संघाकडं जातं. ये श्यूसाठी मात्र ती बोटातली अंगठी आहे. म्हणजे करारवाला मित्र आणि घामवाला मित्र दोघंही बरोबर आहेत. दोघं दोन वेगळ्या अंगठ्यांबद्दल बोलतायत, एवढंच.

इथं मालिकेचे चाहते एक दिलासा पुढं करतात, आणि मीही तो बरीच वर्षं करत होतो. कार्ड गेलं तरी कौशल्य कुठं गेलं? ये श्यू नवं पात्र घेतो, शून्यापासून सुरू करतो आणि पुन्हा सगळ्यांना हरवतो. कौशल्य कुणी काढून घेऊ शकत नाही. नोकरी गेलेल्या मित्राला आपण चहाच्या टपरीवर हेच सांगतो ना?

आता मला या दिलाशाचा संशय येतो. एक तर तो कथेशीच प्रामाणिक नाही. ये श्यू शून्यापासून सुरू करत नाही. त्याच्याकडं एक छत्री असते. क्षणात भाला, क्षणात ढाल, क्षणात बंदूक होणारं हे अजब शस्त्र त्याच्या तरुणपणीच गेलेल्या मित्रानं, सू मुछ्यूनं, बनवायला घेतलं होतं. ती छत्री जियाशीच्या करारात नव्हती म्हणून वाचली. करारात असती तर? म्हणजे 'कौशल्य पुरतं' ही गोष्ट सांगणाऱ्या कथेलासुद्धा, नायकाला परत उभं करायला, मालकाच्या हाताबाहेर राहिलेली एक वस्तू लागली. आणि दुसरं, ये श्यू हा शंभरांत एक. उरलेल्या नव्व्याण्णवांचं काय? पंचविशीत बोटं मंदावलेला, खातं गेलेला साधा खेळाडू कॅफेत रात्रपाळी करतो आणि तिथंच राहतो. त्याच्यावर मालिका निघत नाही. 'तुझं कौशल्य तुझ्याजवळच आहे' हे वाक्य जाणाऱ्याला धीर देतं, पण त्याचा खरा फायदा काढून घेणाऱ्याला होतो. त्याला वाटतं, आपण काहीच घेतलं नाही.

मग काही देणं लागतं का? कोण लागतं?

याचं उत्तर मला त्याच कथेतल्या दुसऱ्या एका कार्डात सापडलं. ब्लू रेन नावाच्या संघाचा म्हातारा (म्हणजे या धंद्याच्या मानानं म्हातारा) कर्णधार वेई छेन. सराव शिबिरात सगळ्यांत मंद बोटांचा म्हणून हिणवला गेलेला यू वेनचोउ हा पोरगा त्याला लागोपाठ हरवतो. वेई छेनला कळायचं ते कळतं. तो निघून जातो, आणि त्याचं खातं पुढं त्या पोराकडं येतं. इथंही खातं संघाचंच. इथंही म्हातारा बाहेर आणि पोरगा आत. तरी वाचणाऱ्याला अन्याय झाल्यासारखं वाटत नाही, कारण यू वेनचोउला आपण काय हातात घेतलंय हे माहीत आहे. सुन श्यांगला ते सुरुवातीला माहीत नसतं. त्याला वाटतं युद्धदेव म्हणजे ते कार्ड. आधीच्यानं त्यात काय ओतलं, हे बघायची त्याला गरजच वाटत नाही.

आपल्याकडं ऋणांची जी कल्पना आहे, तिच्यात ऋषिऋण म्हणून एक ऋण आहे. ते पैशानं फिटत नाही, अध्ययनानं फिटतं. मागच्यांनी जे ठेवलं ते नीट शिकून घेणं हीच परतफेड. मला वाटतं, कार्डाची मालकी करारानं जाते, हे ऋण जात नाही. आणि ते मालकावर जितकं असतं त्याहून जास्त नव्यानं कार्ड हातात घेणाऱ्यावर असतं.

हे मला सुचलं त्याला कारण आहे. मी सुन श्यांग होतो.

पहिल्या नोकरीत माझ्याकडं एक जुनी प्रणाली आली. रोजच्या बँकांच्या फाइली आणि आमच्या नोंदी जुळवून बघण्याचं काम ती करायची. ती लिहिणारे गृहस्थ पंचेचाळिशीचे, त्यांना कंपनीनं कमी केलं होतं. चार दिवस त्यांनी मला सगळं समजावलं. शेवटच्या दिवशी वहीतलं एक पान फाडून दिलं, हातानं लिहिलेलं. कुठल्या बँकेची फाइल कधी उशिरा येते, कुठली दोनदा येते, असलं काहीबाही. मी ते खणात टाकलं. त्यांच्या कोडमधल्या लांबलचक टिपा वाचून टीममध्ये हशा पिकवला. सहा महिन्यांत मी सगळं नव्यानं लिहिलं, आणि नवी रिपॉझिटरी करताना जुना इतिहास सोबत आणला नाही. कोणती ओळ कधी, कुणी, का लिहिली, हे सगळं त्या इतिहासात होतं. त्यांचं नावही त्यातच होतं.

पुढं एका महिनाअखेरीला एक फाइल दोनदा मोजली गेली आणि आम्ही दोन रात्री जागलो. कारण त्या पानावर लिहिलेलं होतं. शेवटचा शनिवार. मी पान काढून वाचलं, दुरुस्ती केली, आणि कुणाला काही बोललो नाही. त्यांना फोनही केला नाही.

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नोकरीत केलेल्या कामाची मालकी मालकाला दिलेली आहे. पण त्याच कायद्याच्या कलम ५७ मध्ये असंही आहे की हक्क विकून टाकल्यावरही 'हे मी केलं' असं म्हणण्याचा कर्त्याचा अधिकार शिल्लक राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं भव्य भित्तिशिल्प सरकारनं १९७९ मध्ये उतरवलं आणि त्याची नासधूस झाली. शिल्प सरकारच्या मालकीचं होतं. तरीही २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं उरलेले अवशेष शिल्पकाराला परत द्यायला आणि पाच लाखांची भरपाई द्यायला सांगितलं. मालकी गेली म्हणून नातं संपत नाही, हे कायद्यालाही थोडंसं कळतं. जुळवणीच्या प्रणालीसाठी कुणी कोर्टात जाणार नाही हे मला माहीत आहे. म्हणून तर ते माझ्यावर होतं.

या वर्षी मी ती नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी लॅपटॉप आणि गळ्यातलं ओळखपत्र टेबलावर ठेवलं. माझी जागा घेणारी मुलगी माझ्याहून हुशार आहे. तिला काय काय सांगावं, याची यादी करताना मला वहीतलं ते पान आठवलं. घरी आल्यावर त्या गृहस्थांचा नंबर शोधला आणि मेसेज लिहिला. इतिहास मी पुसला हे लिहिलं, दोन रात्री जागल्याचं लिहिलं, माफी मागितली. वाटलं होतं की उत्तर येणार नाही.

दुसऱ्या दिवशी आलं. माफीबद्दल त्यात काहीच नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं होतं, "ती फाइल अजून शनिवारीच येते का?"