रक्षण कशाचें?

‘जुनें तें सोनें’ म्हणणारा आणि ‘जुनें मोडून टाका’ म्हणणारा या दोघांचा तंटा सर्व देशांत चालत आलेला आहे. त्यांत पहिल्याची बाजू पुष्कळदां अन्यायानें हिणवली जाते. पिढ्यान् पिढ्या खपून उभारलेली व्यवस्था एका रात्रींत मोडतां येते, पण एका रात्रींत उभारतां येत नाहीं, हें त्याचें म्हणणें खोटें नव्हे. बर्कचे निबंध वर्गांत शिकवितांना त्यांतील सत्य मला नेहमींच जाणवत आलें आहे. तथापि या मनुष्यास एक प्रश्न विचारणें अवश्य आहे: बाबा रे, तूं रक्षण करतोस तें नेमकें कशाचें? दक्षिण कोरियांतील स्थितिपालक पक्षाच्या इतिहासांत या प्रश्नाची कसोटी जितकी स्पष्ट दिसते, तितकी अन्यत्र क्वचितच दिसेल.

इंग्लंडांतील हुजूरपक्षाच्या पाठीशीं राजा, धर्मपीठ व जमीनदार यांची जुनी परंपरा होती. कोरियांत तसें कांहीं उरलेंच नव्हतें. १९१० सालीं जपाननें तो देश गिळला व जुनें राजघराणें लयास गेलें. १९४५ सालीं जपानचा पाडाव झाला, पण देशाचे दोन तुकडे पडले. १९४८ सालीं दक्षिणेंत प्रजासत्ताक स्थापन झालें, आणि दोनच वर्षांनीं, २५ जून १९५० रोजीं, उत्तरेचें सैन्य चालून आलें. तीन वर्षांच्या युद्धांत लक्षावधि माणसें मेलीं. १९५३ सालीं झाला तो तह नव्हे, केवळ लढाई थांबविण्याचा करार. तेव्हां तेथील स्थितिपालकांस राखावयाचें होतें तें एक नवें, दुबळें राज्य. साम्यवादास विरोध, अमेरिकेशीं सख्य आणि राज्याच्या देखरेखीखालीं उद्योगधंद्यांची वाढ, हीं त्यांच्या राजकारणाचीं तीन मुख्य सूत्रें झालीं.

त्यांचें भय काल्पनिक नव्हतें, हें प्रथमच मान्य केलें पाहिजे. तसेंच, पार्क चुंग-ही या सेनापतीनें १९६१ सालीं सत्ता बळकाविल्यावर अठरा वर्षांत एका दरिद्री शेतकरी देशाचा उद्योगप्रधान देश झाला, हेंहि नाकारतां येत नाहीं. ज्या वृद्धांनीं लहानपणीं उपासमार पाहिली, त्यांनीं त्याचें नांव कृतज्ञतेनें घेतलें तर त्यांना मूर्ख ठरविण्याचा अधिकार पोटभर जेवलेल्यास नाहीं. परंतु त्याच पार्कनें १९७२ सालीं राज्यघटना गुंडाळून अशी नवी घटना आणली कीं, त्याच्या सत्तेस मुदतच उरली नाहीं. १९७९ सालीं त्याच्याच गुप्तहेर खात्याच्या प्रमुखानें त्याला गोळी घातली. मागून चुन दू-ह्वान हा दुसरा सेनापति पुढें आला, आणि मे १९८० मध्यें ग्वांगजू शहरांत लष्करानें नागरिकांवर गोळ्या चालविल्या. प्रत्येक वेळीं कारण एकच सांगण्यांत आलें: राज्य धोक्यांत आहे. राज्य राखण्यासाठीं राज्याची घटना मोडावयाची, असा हा विलक्षण न्याय होता.

१९८७ च्या लोकचळवळीनें ही राजवट नमली व थेट मतदानानें अध्यक्ष निवडण्याचा हक्क लोकांस परत मिळाला. १९९० सालीं सत्ताधारी पक्ष आणि दोन विरोधी पक्ष यांची जुळणी झाली. विरोधांत दीर्घकाळ झगडलेले किम यंग-साम या वाटेनें आंत आले आणि १९९३ सालीं अध्यक्ष झाले. त्यांच्याच कारकीर्दींत चुन व त्याचा उत्तराधिकारी रो ते-ऊ या दोघां माजी अध्यक्षांवर खटला होऊन १९९६ सालीं ते दोषी ठरले. स्वतःच्याच घराण्यांतील अपराध्यांस न्यायासनापुढें उभें करण्याचें हें धैर्य या परंपरेस भूषणावह होय.

पुढें पक्षानें नांवें मात्र वारंवार बदललीं. १९९७ सालीं तो ‘हन्नारा’ झाला, २०१२ सालीं ‘सेनुरी’, २०१७ सालीं ‘स्वातंत्र्य कोरिया पक्ष’, आणि २०२० या एकाच वर्षीं आधीं ‘संयुक्त भविष्य पक्ष’ व मग ‘जनशक्ति पक्ष’. नांव संन्यासीहि बदलतो आणि सावकारास चुकविणारा ऋणकोहि बदलतो. पहिल्यानें जुनें आयुष्य टाकलेलें असतें, दुसऱ्यानें केवळ जुना पत्ता. २००४ सालीं निवडणुकीच्या बेकायदा पैशाचा गवगवा झाल्यावर या पक्षानें आपली कचेरी सोडून सोल शहरांत मोकळ्या जागेवर तंबू ठोकले व तेथून कारभार चालविला. तें प्रायश्चित्त होतें कीं देखावा, हें तंबूवरून ठरत नाहीं; पुढच्या मोहाच्या प्रसंगीं मनुष्य काय करतो, त्यावरून ठरतें.

तो प्रसंग ३ डिसेंबर २०२४ च्या रात्रीं आला. याच पक्षातर्फे निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष युन सुक-योल यांनीं लष्करी कायदा पुकारला व राज्यविरोधी शक्तींचें तेंच जुनें कारण पुढें केलें. सैनिक विधिमंडळाच्या इमारतींत शिरले. तशांतहि मध्यरात्रीनंतर १९० सभासद जमले आणि त्यांनीं एकमतानें तो कायदा उठविण्याचा ठराव केला. त्यांत अध्यक्षांच्या पक्षाचे १८ जण होते. पक्षाचे एकूण सभासद होते १०८. चार दिवसांनीं अध्यक्षांवरील महाभियोगाचा ठराव आला, तेव्हां पक्षाच्या बहुतेक सभासदांनीं मतदानावर बहिष्कार घातला, आणि लागणारीं २०० मतें न पडल्यामुळें ठराव बारगळला. १४ डिसेंबर रोजीं तो २०४ मतांनीं संमत झाला. विरोधकांचें बळ १९२ होतें; म्हणजे निदान बाराजणांनीं पक्षाज्ञा मोडली. ४ एप्रिल २०२५ रोजीं घटना-न्यायालयाच्या आठहि न्यायाधीशांनीं एकमतानें युन यांस पदच्युत केलें.

येथें शंकाकार म्हणेल कीं, बहिष्कार घालणाऱ्यांस दूषण देणें सोपें आहे. २०१६ सालीं पार्कचीच कन्या, अध्यक्षा पार्क गुन-हे, यांच्यावरील महाभियोगास याच पक्षाच्या साठांहून अधिक सभासदांनीं मतें दिलीं. त्यामुळें पक्ष फुटला, आणि २०१७ ची अध्यक्षपदाची व २०२० ची विधिमंडळाची अशा दोन्ही निवडणुका हरला. मग पुन्हां घर फोडून प्रतिपक्षास वाट कां करून द्यावी? हा युक्तिवाद क्षुद्र नव्हे. पक्ष हें साधन आहे, आणि साधन टिकलें पाहिजे. पण साधन टिकविण्यासाठीं साध्यच टाकलें, तर टिकलेल्या साधनाचें करावयाचें काय? जून २०२५ च्या निवडणुकींत पक्ष हरलाच. पण मी त्याकडे बोट दाखवीत नाहीं. तो जिंकला असता, तरीहि हा प्रश्न तसाच उरला असता.

महाभियोगास मत देणाऱ्यांना स्वपक्षीयांनीं ‘फितूर’ म्हटलें. मला त्या वेळीं विकर्णाची आठवण झाली. द्यूतसभेंत द्रौपदीची बाजू मांडणारा विकर्ण दुर्योधनाचा भाऊच होता. त्यानें पक्ष सोडला नाहीं. रणांगणावर तो कौरवांकडूनच लढतां लढतां पडला. पण त्या सभेंत कुरुकुळाची लाज राखण्याचा यत्न केला तो त्यानें व विदुरानें. खालीं माना घालून बसलेल्या वडीलधाऱ्यांनीं नव्हे. क्रांतिकारकानें कायदा मोडला तर तो निदान आपल्या बोलण्यास धरून वागतो. कायदा व सुव्यवस्था यांचा कैवार घेणाऱ्यानें मात्र आपल्याच पुढाऱ्यानें कायदा मोडतांना पाहून डोळे मिटले, तर त्याच्या साऱ्या कैवारास अर्थ उरत नाहीं.

हा प्रश्न कोरियाच्या विधिमंडळापुरता नाहीं. संस्थेची अब्रू राखावयाची म्हणून तिच्यांतील अफरातफर झांकणारा चिटणीस आणि घराण्याचें नांव राखावयाचें म्हणून सुनेवरील अन्याय पाहून गप्प बसणारा सासरा, हे दोघेहि स्वतःस रक्षकच समजतात. त्या रात्रीं विधिमंडळांत पोंचलेल्या अठरा जणांनीं आपल्या मनाशीं जो प्रश्न सोडविला, तो आपल्यापैकीं प्रत्येकास कधीं ना कधीं सोडवावा लागतो.