स्मरण आणि विक्षेप

असन्निधानकाळी जीवाला परमेश्वराशी जोडून ठेवणारे मुख्य साधन स्मरण होय. नाम, मूर्ती, लीळा आणि चेष्टा हे त्याचे विषय. हे प्रत्येक साधकास ठाऊक असते. तरीही गाठी हाती घेऊन बसताच वासनिकाला पेरणी आठवते, मुलीचे लग्न आठवते. भिक्षुकाला आश्रमातील कालचा वाद आठवतो. मग "आमचे चित्त ठरत नाही" असे म्हणून वासनिक गाठी ठेवून देतो, आणि भिक्षुक संख्या पुरी करून उठतो. एकाने साधन टाकले, दुसऱ्याने त्याचा केवळ आकार राखला. हानी दोघांचीही झाली.

जीव अनादिकाळापासून प्रपंचाच्या सवयीने चालत आला आहे. ती सवय एका बैठकीत सुटत नाही. म्हणून विचार उठला एवढ्याने साधकाने खचू नये. त्या विचारामागे चालत जाणे हा दोष होय. त्याहून सूक्ष्म दोष असा की, साधक त्या विचाराशी झगडत बसतो. "हा विचार आताच का आला?" असे म्हणत असताना स्मरण सुटलेलेच असते. पहिला विक्षेप जातो आणि त्याच्या जागी दुसरा बसतो.

यावरील उपाय लीळेतच आहे. लीळेला स्थान असते, प्रसंग असतो, भक्तजन असतात, क्रम असतो. सर्वज्ञ कोठे आसनस्थ होते, समोर कोण होते, त्याने काय पुसले, स्वामींनी काय निरूपिले, अशा क्रमाने चित्त चालवावे. ते जेथे घसरले, तेथेच परत आणावे आणि पुढचा प्रसंग आठवावा. पोथी उतरवून घेणाऱ्या लेखकाची ओळ चुकते, तेव्हा तो पोथी मिटत नाही. चुकलेल्या ओळीवर बोट ठेवून पुढे लिहू लागतो. साधकानेही तसेच करावे. दहा वेळा चित्त गेले आणि दहा वेळा परत आणले, तर ती बैठक वाया गेली असे समजू नये.

सर्वज्ञांच्या उत्तरापंथे गमनानंतर श्रीनागदेवाचार्य लीळांचेच मनन करीत असत. वियोगाचे दुःख काय थोडे होते? त्या दुःखानेही त्यांचे मनन तुटू दिले नाही. म्हणूनच पंडित म्हाइंभटांनी विचारताच ते लीळा सांगू शकले. म्हाइंभटांनी त्या ऐकल्या, इतर भक्तजनांकडून पडताळल्या, आणि शके १२०० (इ. स. १२७८) च्या सुमारास रिद्धपुरी लीळाचरित्र सिद्ध केले. पुढे परचक्रात मूळ पोथी हरपली, तेव्हा पुन्हा स्मरणच कामी आले. ज्यांच्या चित्तात लीळा होत्या, त्यांच्या आधारे पाठ सिद्ध झाले.

त्या पूर्वजांचे मनन शिथिल असते, तर आज साधकाने काय आठवावे? तेव्हा उद्या प्रातःकाळी साधकाने एकच लीळा निवडावी, आणि चित्त कितीही वेळा निसटले तरी ती शेवटपर्यंत न्यावी. दंडवत प्रणाम.