बजरबट्टू

लहान मुलाला दृष्ट लागू नये म्हणून त्याच्या गळ्यात किंवा मनगटात बजरबट्टू बांधण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. दोऱ्यात ओवलेला तो टणक मणी पुष्कळांनी पाहिला असेल. पण ते एका झाडाचे बी आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ते झाड म्हणजे श्रीताड. केरळात आणि श्रीलंकेत ते मूळचे. आपल्याला जवळचे म्हणाल, तर कारवार-कुमठ्याकडच्या डोंगरांत आढळते. आपल्या ताडाचाच हा थोरला भाऊबंद. त्याचे पंख्यासारखे एकेक पान पाच मीटरपर्यंत रुंद होते. वाड्यातली एखादी खोली सहज झाकून जावी! दक्षिणेत या पानांवर पोथ्या लिहीत असत.

हे झाड जन्मात एकदाच फुलते, तेही तीस ते ऐंशी वर्षांनी. शेंड्यावर लक्षावधी फुलांचा तुरा येतो, फळे पिकायला वर्षभर लागते, आणि मग झाड वाळून जाते. ब्राझीलचे उद्यानकार रॉबेर्तो बुर्ले मार्क्स यांनी १९६० नंतरच्या दशकात रिओ शहरातल्या बागेत श्रीताड लावले होते. ते २०२५ साली फुलले. बुर्ले मार्क्स १९९४ सालीच निवर्तले होते.

कुमठ्याकडच्या एका शिक्षिका मैत्रिणीने मला या झाडाच्या पाच ताज्या बिया दिल्या. शनिवार पेठेत, ओंकारेश्वराकडे उतरणाऱ्या गल्लीत आमचा वाडा आहे. शेजारच्या आजी म्हणाल्या, "अहो बाई, त्यातली एक द्या की आमच्या नातवाला. भोक पाडून घेते." मी दिली. उरलेल्या चार आठवडाभर पाण्यात भिजवल्या, पाणी रोज बदलले, आणि गोड्या तेलाच्या उंच डब्यांना तळाशी भोके पाडून वाळू, माती नि शेणखतात त्या पेरल्या. डबा उंचच हवा. या बीचा कोंब आधी दोरीसारखा खाली जातो, खोलवर मूळ धरतो, आणि मग तेथून पान वर पाठवतो. फाल्गुनात पेरलेल्या चारांपैकी दोन बियांनी आषाढात तोंड दाखवले. पहिले पान अरुंद, चुण्या पडलेले; पंख्याचा आकार अजून काही वर्षे दूर आहे.

आता एका बीचा मणी झाला आहे आणि दोघींची रोपे. मणी झालेले बी पुन्हा रुजत नाही. आजींच्या मायेला मी हसत नाही. भीती हीसुद्धा मायेचीच एक बाजू आहे. परंतु आपण मुलांना जपतो म्हणजे नेमके काय करतो, असा प्रश्न मला पडतो. "मुलीला सहलीला नेऊ नका, वर्गातच बसू द्या," असे सांगणारे वडील मला शाळेत दरवर्षी भेटतात. त्यांचे प्रेम खोटे नसते. मात्र त्या प्रेमात मुलगी सुरक्षित राहण्याची सोय असते; वाढण्याची नसते.

यावर कोणी म्हणेल, "बाई, तुम्ही तरी काय वेगळे करता? पंचवीस मीटर उंच जाणारे झाड डब्यात कशाला लावलेत?" हा आक्षेप मला मान्य करावा लागतो. आमचा वाडा लवकरच पाडणार आहेत. नव्या इमारतीत वाट्याला येईल ती चार हातांची गॅलरी. रोप कुंडीतच ठेवा, पुष्कळ दिवस लहान राहील, शोभेलही छान, असे सल्ले मिळाले. ते व्यवहाराला धरून आहेत. पण मी रुजवले, म्हणून ते लहान ठेवण्याचा हक्क मला कसा मिळतो? मला वाटते, रुजवणाऱ्याकडे हक्क येत नाही. जागा शोधण्याचे काम तेवढे येते.

त्याप्रमाणे मुळशीकडच्या एका शाळेत मी विचारून आले. मैदानाच्या कडेला, इमारतीपासून लांब, जागा आहे. मुख्याध्यापकांनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, "पन्नास वर्षांनी हे वाळले, तर पाडायचे कोणी?"

ते बरोबरच विचारीत होते. पुढच्यांसाठी झाड लावले असे आपण मोठ्या समाधानाने म्हणतो. त्यांच्या खर्चाचा नि कष्टाचा हिशेब आपण मांडत नाही. जे आज जन्मलेले नाहीत त्यांची संमती घेता येत नाही. त्यांना अंधारात न ठेवणे मात्र आपल्या हाती असते. तेव्हा असे ठरले, की ज्येष्ठात पहिला पाऊस झाला की दोन्ही रोपे तिकडे न्यायची, आणि शाळेच्या दप्तरात नोंद करायची: झाडाचे नाव, लावल्याचे साल, आणि फुलोरा दिसताच कुंपण घालून मुलांना लांब ठेवावे, ही सूचना. मुख्याध्यापक म्हणाले, "नोंद तुमच्याच अक्षरात करा, बाई. वाचणाऱ्याला कळू दे, कोणी लावले ते."