निरुपद्रवी, पण कुठे?

अंटार्क्टिकावर हिवाळ्यात सूर्य दिसेनासा होतो. त्या लांबलेल्या रात्रीत जमिनीपासून पंधरा ते पंचवीस किलोमीटर उंचीवरची हवा उणे ७८ अंश सेल्सिअसच्याही खाली जाते आणि एरवी कोरड्या असणाऱ्या त्या थरात ढग धरतात. गोठलेलं नायट्रिक आम्ल आणि पाणी यांचे ते कण. थंडी आणखी वाढली की निव्वळ बर्फाचे. विसाव्या शतकातल्या एका मोठ्या संकटाचं मूळ या इवल्याशा कणांच्या पृष्ठभागावर सापडलं.

गोष्ट सुरू होते ती चांगल्या हेतूने. पूर्वीच्या फ्रिजमध्ये अमोनिया आणि सल्फर डायऑक्साइडसारखे वायू असत. गळती झाली तर जिवावर बेतायचं. १९२८ च्या सुमारास थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरोफ्लुरोकार्बन वायू पुढे आणले. ते पेटत नाहीत, विषारी नाहीत, कशाशी सहसा संयोग पावत नाहीत. माणसाच्या घरात त्यांनी खरोखरच जीव वाचवले.

पण कशाशीच संयोग न पावणारा वायू नाहीसाही होत नाही. तो वर वर चढत राहतो. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलँड यांनी इशारा दिला, की उंचावर अतिनील किरणांनी हे रेणू फुटतील आणि सुटलेलं क्लोरीन ओझोन नष्ट करील. त्या हिशेबाने ऱ्हास सावकाश व्हायचा होता. १९८५ मध्ये मात्र ब्रिटिश संशोधक जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी अंटार्क्टिकातल्या हॅली तळावरच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. दर वसंतात तिथला ओझोन झपाट्याने कमी होत होता. एवढी घट तोवरच्या कोणत्याच गणितात बसेना.

अमेरिकन संशोधक सुझन सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर बर्फात शोधलं. उंचावरचं बहुतेक क्लोरीन दोन संयुगांत अडकून असतं: हायड्रोजन क्लोराइड आणि क्लोरीन नायट्रेट. मोकळ्या हवेत ही दोन्ही एकमेकांना जवळजवळ ओळखही देत नाहीत. वर्षानुवर्षं वेगळ्या वाटांनी जाणारी माणसं आठवडी बाजारात समोरासमोर यावीत, तशी ती बर्फाच्या कणावर भेटतात आणि क्लोरीन वायू मोकळा होतो. याच क्रियेत तयार होणारं नायट्रिक आम्ल बर्फात अडकून पडतं. क्लोरीनला पुन्हा बांधून ठेवणारी नायट्रोजनची ऑक्साइडंही त्यामुळे हवेत फारशी उरत नाहीत. हे सगळं काळोखात घडतं, आणि तोवर ओझोनला फारसा धक्का लागत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सूर्य परततो, क्लोरीनचे रेणू उजेडाने दुभंगतात, आणि एकेक अणू हजारो ओझोन रेणू मोडत जातो. १९८६ मध्ये सॉलोमन अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो तळावर गेल्या. त्या मोहिमेतल्या मोजमापांनी या स्पष्टीकरणाला बळ दिलं.

यात दोष कुणाचा? उजेडाचा म्हणावा, तर ओझोन घडतो तोही सूर्यकिरणांनीच. बर्फाचा म्हणावा, तर तो माणसाच्या आधीपासून तिथे आहे. आपण सोडलेला वायू त्या दोघांच्या मध्ये जाऊन पोहोचला. घरात निरुपद्रवी ठरलेली वस्तू दुसऱ्या जागी, दुसऱ्या पृष्ठभागावर, दुसऱ्या उजेडात तशीच राहील, हे आपण गृहीत धरलं होतं. एखाद्या पदार्थाचा स्वभाव त्याच्या एकट्याचा नसतो. तो कुठे जातो आणि तिथे त्याला कोण भेटतं, यावरही ठरतो.

या कहाणीतला दिलासाही तितकाच खरा आहे. १६ सप्टेंबर १९८७ रोजी या वायूंना आळा घालणाऱ्या मॉन्ट्रिअल करारावर सह्या झाल्या, तेव्हा अंटार्क्टिकावर विमानांतून मोजणी अजून चालूच होती. शेवटचा पुरावा हाती येण्याआधी देशांनी पाऊल उचललं आणि नंतरच्या वर्षांत ते अधिक कठोर केलं. भारत १९९२ मध्ये या करारात सामील झाला. सोडलेल्या वायूंचं आयुष्य दशकांत मोजावं लागतं, म्हणून अंटार्क्टिकावरचा ओझोन १९८० च्या पातळीला यायला २०६६ चा सुमार उजाडेल असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आपण टाकलेला भार उतरायला दोन-तीन पिढ्या लागतात.

आजही रोज नवे पदार्थ निर्धोक म्हणून आपल्या घरात येतात. त्यांच्या सोयीचं कौतुक जरूर करावं. पण आपल्या हातून सुटल्यावर ते कुठे जाऊन थांबतील, हा प्रश्न आधी विचारावा, आणि उत्तर मिळेपर्यंत हात आखडता ठेवावा. जिथे आपण कधीच जाणार नाही, त्या जागेचीही जबाबदारी आपल्यावर असते.