यंत्राने दिले, ते कोणाचे?

माणसाच्या हातून चुकून जास्त पैसे आपल्याकडे आले, तर ते परत करावेत, हे कोणाही वारकऱ्याला सांगावे लागत नाही. वाण्याने दहाच्या ऐवजी पन्नासाची नोट परत दिली, तर माळकरी माणूस चार पावले मागे फिरतो आणि ती देऊन येतो. परंतु देणारा माणूसच नसेल तर? भिंतीत बसविलेल्या यंत्राने मागितल्यापेक्षा जास्त नोटा आपणहून पुढे केल्या, तर? तेथे वाणी नाही, कारकून नाही, ‘अहो, जरा थांबा’ म्हणून हाक मारणारे कोणी नाही. मग त्या पैशाचा धनी कोण? आणि तो ठेवून घेणाऱ्यास दोष लागतो की नाही? या प्रश्नाचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

प्रश्न कल्पनेतला नाही. जून २०२२ मध्ये नागपूर जिल्ह्यातील खापरखेडा येथे असेच घडले. एका गृहस्थाने एटीएम यंत्रातून पाचशे रुपये मागितले, तो यंत्राने पाचशेच्या पाच नोटा दिल्या. त्याने पुन्हा पाचशे मागितले, पुन्हा पाच नोटा आल्या. बातमी गावात पसरली आणि यंत्रापुढे गर्दी जमली. शेवटी कोणी पोलिसांना कळविले, पोलिसांनी येऊन ते बंद केले. चौकशीत निघाले ते एवढेच, की शंभराच्या नोटांच्या कप्प्यात चुकून पाचशेच्या नोटा भरल्या गेल्या होत्या. त्या गर्दीला नावे ठेवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. त्या रांगेत आपण असतो तर काय केले असते, एवढेच ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

आता यंत्र कसे चुकले ते पाहू, कारण नीतीचा निर्णय त्यावरच आहे. पैसे देणारे असे यंत्र २७ जून १९६७ रोजी लंडनमधील एनफील्ड या भागात एका बँकेने प्रथम बसविले. त्याचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतात, ते जॉन शेफर्ड-बॅरन आपल्याच देशात, शिलाँग येथे जन्मलेले. आपल्याकडे हे यंत्र १९८७ साली मुंबईत आले, आणि आता तालुक्याच्या गावीही ते दिसते. त्याच्या पोटात नोटांचे कप्पे असतात. एकेका कप्प्यात एकेका किमतीच्या नोटा. कोणत्या कप्प्यात कोणती नोट, हे माणसाने त्याला आधी सांगून ठेवलेले असते. आपण रक्कम दाबली की ते हिशेब करते आणि रबरी चाकांनी किंवा हवा शोषून एकेक नोट ओढते. दोन नोटा चिकटून आल्या तर त्यांची जाडी जास्त भरते, ते त्याला कळते, आणि त्या नोटा तो वेगळ्या पेटीत टाकतो. संख्या अशी चोख! परंतु नुसते पैसे देणारे साधे यंत्र नोटेवरचा आकडा वाचीत बसत नाही. शंभराचा कप्पा म्हणून माणसाने सांगितले, त्यातून त्याने पाच कागद मोजून दिले. त्याच्या दृष्टीने हिशेब बरोबरच झाला.

नोट ओळखणारी यंत्रेही आहेत, बरं का. बँकांत नोटा निवडण्याची यंत्रे असतात. ती अदृश्य किरणांनी आणि चुंबकाच्या साहाय्याने कागद, शाई व आतला धागा तपासतात, खरी नोट एकीकडे आणि खोटी दुसरीकडे करतात. शंभर आणि त्यावरच्या नोटा अशा यंत्रातून तपासल्याखेरीज पुन्हा लोकांना देऊ नयेत, असा दंडक रिझर्व्ह बँकेने २००९ साली घालून दिला आहे. एक यंत्र ‘किती’ ते सांगते. दुसरे ‘कसली’ ते सांगते, ‘खरी की खोटी’ तेही सांगते. परंतु ‘कोणाची’ हे सांगणारे यंत्र अजून निघालेले नाही. तो प्रश्न ज्याच्या हातात नोट पडली त्या माणसासाठीच शिल्लक राहतो. मोजण्याचे काम यंत्राकडे गेले, विवेकाचे काम काही गेले नाही.

यावर पूर्वपक्ष असा, की “आम्ही चोरी कुठे केली? यंत्राने दिले, आम्ही घेतले.” परंतु देणे म्हणजे काय? देणाऱ्याच्या मनात ‘हे मी तुला देतो’ असा भाव असावा लागतो, तेव्हा ते दान होते. पुराच्या पाण्याने शेजाऱ्याच्या कडब्याच्या पेंढ्या वाहून आपल्या शेतात आणून टाकल्या, म्हणून नदीने आपल्याला कडबा दिला असे कोणी म्हणत नाही. पेंढ्या शेजाऱ्याच्याच. यंत्राला मन नाही, म्हणून त्याला दानही नाही. त्याने दिले नाही, त्याच्यातून पडले, एवढेच. कायदाही हेच सांगतो. १८७२ च्या करार कायद्याच्या ७२ व्या कलमान्वये, चुकून मिळालेले पैसे ज्याला मिळाले त्याने परत केले पाहिजेत. तेथे ‘माणसाने चुकून दिले तर’ आणि ‘यंत्राने दिले तर’ असा भेद केलेला नाही.

येथे आणखी एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. पहिल्यांदा जास्त नोटा आल्या, तेव्हा मनुष्य गोंधळला असेल. त्या क्षणी त्याच्या हातून काही पाप घडले असे आम्ही म्हणणार नाही. परंतु पुन्हा तेच बटण दाबायला जो हात उठतो, तो हात अजाण नसतो. पहिल्या वेळी नोटा आपल्याकडे आल्या, दुसऱ्या वेळी आपण नोटांकडे गेलो. पाप यंत्रात नव्हते, पहिल्या नोटेतही नव्हते. ते या दोहोंच्या मधल्या विचारात जन्मले.

दुसरा पूर्वपक्ष असा, की “बँक मोठी आहे. ती आमच्याकडून नाना तऱ्हेचे आकार घेते. तिचे दोन हजार गेले तर समुद्रातून ओंजळभर पाणी गेले.” ठीक. पण त्या कप्प्यात नोटा कोणी भरल्या? कोणा नोकरी करणाऱ्या पोराने, दिवसभर गाडीतून गावोगाव फिरून, एका यंत्रापाशी घाईत कप्पा बदलला. सायंकाळी हिशेब जुळला नाही, की पहिली विचारणा त्यालाच होते. आपण बँकेकडून घेतले म्हणतो, आणि ती तूट कदाचित आपल्याच पोरासारख्या कोणाच्या तरी ताटातली असते. शिवाय उलट पक्षही पाहावा. यंत्राने आपले पैसे खात्यातून कापले पण नोटा दिल्या नाहीत, तर आपण गप्प बसतो काय? दुसऱ्याच दिवशी बँकेच्या दारात उभे राहतो, आणि ते योग्यच आहे. २०१९ साली रिझर्व्ह बँकेने नियम केला, की असे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत परत जमा झाले पाहिजेत, न झाल्यास पुढे दर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी. कमी आले तर यंत्र चुकले, आणि जास्त आले तर नशीब उघडले! एकाच तराजूला दोन मापे लावणारा वाणी आपल्याला चालत नाही. मग आपणच तसे वाणी का व्हावे?

तिसरा पूर्वपक्ष भाविकाचा आहे, आणि तोच आम्हांस सर्वांत घातक वाटतो. “पांडुरंगानेच दिले. माझी अडचण त्याला दिसली.” असे म्हणताना मनुष्य चोरी तर करतोच, वर देवालाही तीत भागीदार करून घेतो. पांडुरंग भक्ताची अडचण कशी निवारतो, हे पाहायचे असेल तर मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आठवावी. दुष्काळात माणसे अन्नावाचून मरू लागली, तेव्हा पंतांनी सरकारी धान्याची कोठारे खुली केली. स्वतःसाठी मूठभरही घेतले नाही. बादशहाने पंतांना बेदरास बोलावले. कथा सांगते, की तेव्हा विठोबा विठू महार होऊन दरबारात गेला, धान्याचे सर्व पैसे मोजून दिले आणि पावती घेतली. ऐका हो, पावती घेतली! देवाने बादशहाची बुद्धी फिरवून हिशेब बुडविला असता, तर त्याला कोण अडविणार होते? पण त्याने तसे केले नाही. भक्ताची लाज राखली, आणि धन्याचा पैही पोचता केला. ज्या देवाने बादशहाचाही हिशेब चुकता केला, तो कोणा गरीब नोकराच्या हिशेबात तूट पाडून आपल्या भक्ताचा खिसा भरील, हे संभवत नाही.

आता खरा अवघड प्रसंग. रोजंदारीवरचा मनुष्य आहे, घरी मूल तापाने फणफणले आहे, खात्यात पाचशेच आहेत, आणि यंत्राने अडीच हजार पुढे केले. त्याला काय सांगावे? पोट भरलेल्याने भुकेल्याला नीती सांगणे सोपे असते, याची आम्हांस जाणीव आहे. म्हणून आम्ही दोन गोष्टी म्हणतो. पहिली अशी, की ते पैसे त्याचेही नाहीत. गरजेने मालकी बदलत नाही. त्याने औषधासाठी खर्च केलेच, तर ते ऋण आहे असे समजावे आणि बँकेस जाऊन तसे सांगावे. दुसरी गोष्ट अशी, की तो तेथे एकटा का पडला? त्याच्या आळीत माळकरी होते, भजनी मंडळ होते. मुलाच्या औषधाला हजार-दोन हजार त्यांच्याकडून मिळण्याची आशा त्याला वाटली असती, तर यंत्राच्या चुकीकडे त्याने पाहिलेही नसते. त्याला दोष देण्याआधी आपण सर्वांनी आपापल्या दाराकडे पाहावे, हे बरे.

कोणी म्हणेल, तेथे कॅमेरा असतो, प्रत्येक व्यवहाराची नोंद असते, चोरी लपणार नाहीच, मग इतकी चर्चा कशाला? कॅमेरा आहे म्हणून जो पैसे परत करतो त्याचे पैसे पोचतात, ही चांगली गोष्ट आहे. परंतु त्यात त्याची परीक्षा झाली नाही, कॅमेऱ्याची झाली. वारकऱ्याचा पहारेकरी भिंतीवर टांगलेला नसतो. तो अंतरात बसलेला असतो. वीज गेली तरी त्याचा डोळा मिटत नाही.

नाथमहाराजांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत असता हिशेबात एका पैची चूक येत होती. नाथ रात्रभर दिव्यापाशी बसले. पहाटे चूक सापडली, तेव्हा आनंदाने त्यांनी टाळी वाजविली. स्वामी म्हणाले, एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद, मग संसाराची चूक सापडेल तेव्हा केवढा होईल! या गोष्टीतला परमार्थ कीर्तनकार सांगतातच. आम्हांस आज तिच्यातल्या प्रपंचाकडे लक्ष वेधायचे आहे. ज्याला पुढे संसाराची चूक शोधायची होती, त्याने आधी पैची चूक क्षुल्लक मानली नाही. आज ती पै शोधायला यंत्र आहे, रात्र जागावी लागत नाही. पण चूक सापडल्याचा आनंद यंत्राला होत नाही, आणि ती लपविण्याचा मोहही त्याला होत नाही. ते दोन्ही माणसालाच होतात. त्यांतले कोणते जवळ करायचे, हे माणसाने ठरवायचे.

आपल्या संप्रदायाने हे केव्हाच ठरवून ठेवले आहे. माउलींच्या पालखी सोहळ्यात मुक्कामी समाज आरती होते. तेथे लाखोंचा समाज चोपदारांच्या इशाऱ्यासरशी स्तब्ध होतो आणि हरवले-सापडले पुकारले जाते. कोणाची पिशवी, कोणाचे पैसे, कोणाचा दागिना, ज्याला सापडले त्याने आणून दिलेले असते. ते ज्याचे त्याला देण्याचा पुकारा होतो, आणि मग आरती. आधी सापडलेले परत, मग देवाची ओवाळणी, हा क्रम आम्हांस फार बोलका वाटतो.

तेव्हा वाचकहो, व्यवहारात एवढे करावे. यंत्रापुढेच नोटा मोजाव्यात. जास्त निघाल्या तर पुन्हा बटण दाबू नये. पावती असेल तर जपून ठेवावी, वेळ व जागा लिहून घ्यावी, मागे कोणी उभे असेल त्याला सावध करावे आणि त्या यंत्रावर लिहिलेल्या क्रमांकावर किंवा बँकेच्या शाखेत कळवावे. पैसे शाखेत भरले तर त्याचीही पावती मागून घ्यावी. प्रत्यक्ष विठोबाने पावती घेतली, तेथे आपण का संकोच करावा? घरी जाऊन मुलांना हे सांगावे, कारण त्यांच्या आयुष्यात माणसांपेक्षा यंत्रांशीच देवघेव जास्त होणार आहे.

यंत्र किती ते सांगेल. कोणाचे ते आपण सांगायचे.

राम कृष्ण हरि.