रुग्णापासून सत्य लपवावे काय?

बद्रच्या लढाईसाठी मुस्लिमांची तुकडी मदीनेहून निघाली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या कन्या आणि हजरत उस्मान (रजि.) यांच्या पत्नी हजरत रुकय्या (रजि.) आजारी होत्या. प्रेषितांनी (स.) हजरत उस्मान (रजि.) यांना शुश्रूषेसाठी घरीच थांबविले आणि बद्रमध्ये सहभागी होणाऱ्याइतकाच मोबदला त्यांना मिळेल, असे सांगितले. हजरत रुकय्या (रजि.) त्या आजारातून उठल्या नाहीत, तरी त्या सेवेचे मोल कमी झाले नाही. रुग्ण बरा होणे हे शुश्रूषेचे मोजमाप नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रुग्णाची सेवा करणाऱ्यांना ही घटना धीर देणारी आहे. नागपुरात मानेवाडा मार्गावरील राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. विदर्भातील गावोगावचे रुग्ण या शहरात येतात. त्यांत खर्रा आणि तंबाखूने तोंड पोखरलेले कितीतरी असतात. उपचारांनी आता गुण येणार नाही, असे डॉक्टर ज्या दिवशी सांगतात, त्या दिवशी बहुतेक घरांतून एकच विनंती होते : “अब्बांना काही सांगू नका.”

या विनंतीमागे प्रेमच असते. जखम धुणारी, कूस बदलून देणारी, रात्र-रात्र उशाशी बसून चमच्याने पाणी पाजणारी माणसेच ही विनंती करतात. परंतु प्रेमाने केलेली प्रत्येक गोष्ट न्याय्य असतेच असे नाही. आजार रुग्णाचा आहे आणि आयुष्याचे उरलेले दिवसही त्याचेच आहेत. मग त्या दिवसांविषयीची माहिती त्याच्यापासून दडविण्याचा अधिकार आपल्याला कोठून मिळाला?

या माहितीवर त्याची अनेक कर्तव्ये अवलंबून असतात. कुरआनने वारशाची वाटणी मृत्युपत्र व कर्ज यांच्या पूर्ततेनंतरच करण्यास सांगितले आहे. दुकानाची उधारी, पत्नीचा राहिलेला मेहर, सख्ख्या भावाशी वर्षानुवर्षांचा अबोला, सुटलेले रोजे, मनात राहून गेलेली तौबा : ही कामे दुसरा कोणी पूर्णपणे करू शकत नाही. ‘बरे वाटल्यावर पाहू’ असे म्हणत तो ती पुढे ढकलतो आणि आपण मान डोलावतो. शिवाय ज्याला आपल्यावरील संकट ठाऊकच नाही, तो सब्र तरी कशावर करणार? सत्य लपवून आपण त्याच्या इबादतीचा एक मोठा अवसर हिरावून घेतो.

यावर असा आक्षेप घेतला जातो की, रुग्णाला दिलासा द्यावा अशीच इस्लामची शिकवण आहे. सत्य ऐकून तो खचून जाईल. दिलासा द्यावा, हे अगदी खरे. पण दिलासा आणि असत्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) मक्केत इतके आजारी पडले की त्यांना मृत्यू समोर दिसू लागला. प्रेषित (स.) भेटीस आले, तेव्हा त्यांनी आपल्या संपत्तीच्या दानाविषयी विचारले. प्रेषितांनी (स.) तो विषय टाळला नाही, एक तृतीयांशाची मर्यादा घालून दिली आणि वारसांना निर्धन सोडू नये, असे समजाविले. त्याच भेटीत, कदाचित तुम्ही जगाल आणि लोकांना तुमचा लाभ होईल, अशी आशाही दिली. हजरत सअद (रजि.) त्यानंतर अनेक वर्षे जगले. एकाच उशाशी मृत्युपत्राची चर्चाही झाली आणि जगण्याची आशाही व्यक्त झाली. आयुष्याची मुदत अल्लाहच जाणतो. डॉक्टरांचा अंदाज हा अंदाजच असतो. म्हणून सत्य सांगताना आशेचे दार बंद करण्याचे कारण नाही.

अर्थात सत्य सांगण्यालाही रीत आहे. रुग्णाला किती जाणून घ्यावयाचे आहे, हे आधी त्यालाच विचारावे. त्याला नको असेल, तर बळेच त्याच्या कानावर घालू नये. ज्याच्यावर त्याचा सर्वाधिक विश्वास आहे त्याने, शांत वेळ पाहून, थोडे थोडे सांगावे. आणि सांगून झाल्यावर त्याला एकटे सोडू नये. उपचार थांबले तरी वेदनाशमन थांबत नाही, हेही सांगावे. डॉक्टरांच्या सल्ल्याने दिलेले मॉर्फिन ही नशा नव्हे, औषध आहे. वैद्यकीय वापरासाठी ते मिळणे सुकर व्हावे म्हणून 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्यात 2014 मध्ये दुरुस्तीही झाली आहे. वेदनेने तळमळणाऱ्या माणसाला ना नमाजेत मन लावता येते, ना आप्तांशी बोलता येते.

रुग्ण आपल्या हाती सोपविलेली अमानत आहे. त्याचे शरीर आपण जपतो, त्याचप्रमाणे त्याचे उरलेले दिवसही त्याचे त्याला परत केले पाहिजेत. अल्लाह सर्व रुग्णांना आराम देवो, आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना सत्य बोलण्याचे धैर्य व ते मृदू शब्दांत सांगण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.